खंदकावरची दादर

माघातल्या दुपारी पाण्याच्या टाकीवर चढलो
तेव्हा दिसली ती.
कसबे नांद्रूळचं सगळं शिवार पिवळं पडत आलेलं
आणि दादरचा एकच पट्टा, पंचवीसेक हात रुंद,
अजून हिरवा,
गावाला वळसा घालत
थेट अनेरच्या दरडीत शिरलेला.
लोटन म्हणाला, खताचा गुण असेल.
पण खत असं वळून पडत नाही.

दादर निघाल्यावर आडवा चर घेतला.
दोन मीटर रुंद, सव्वीस लांब.
काळीखाली काळीच निघत राहिली,
मग राखाडी, मग शिंपल्यांचा चिकट गाळ,
आणि चार मीटर वीसवर मुरूम,
त्यावर कुदळीचे घाव
असे, जणू खणणारा जेवायला गेलाय.

खंदकाच्या आतल्या अंगाला
गुडघाभर उरलेला मातीचा बांध.

त्याचा छेद मी काढला. ओळंबा, सुतळी, आलेखाचा कागद,
तीन दिवस उन्हाकडे पाठ.
शेत तिथे उलटं झालं होतं:
वरची काळी तळाला, तळाचा मुरूम माथ्यावर,
मधेमधे गावातली पांढरी.
आणि थर म्हणावेत तर थर नव्हते.
कलंडलेल्या कोरी होत्या, एकीच्या पाठीवर दुसरी,
प्रत्येक कोर बरोबर एका पाटीएवढी.
डोक्यावरून उतरवली, उपडी केली, मागे वळलं कोणी.
चारशे अकरा मोजल्या,
मग मान धरली.

पूर्वेला बांध फुटलेला होता.
सर म्हणाले, इथून शिरले असणार.
आठ दिवस आम्ही बाणाची टोकं शोधली,
गोफणगुंडे, जळकी माती, निदान एखादं हाड.
सापडले घागरीचे काठ.
घागरीची बुडं.
पुन्हा घागरीचे काठ.
निळ्या बांगडीचे तीन तुकडे,
आणि पावलांनी दगड झालेली एक उतरण,
नदीकडे गेलेली, सात वेळा लिंपलेली.
पाणी लांब होतं. वेस त्याहून लांब.

नोंदवहीत रकाना असतो: हल्ल्याचा पुरावा.
'नाही' लिहिलं. खोडलं.
'आढळला नाही' लिहिलं.
कुणाची वाट बघत एवढी माती उपसली त्यांनी,
तो आलाच नाही, की लांबूनच बांध बघून
त्याने घोडी फिरवली,
छेदात हे उमटत नाही.
पाट्या जड होत्या, एवढं उमटतं.

एक हिशोब मात्र जुळेना.
खंदकातून जेवढं निघालं
त्या मापाने बांध तीन पुरुष उंच हवा.
बाकीचा गेला कुठे?
केवळबाई घमेलं घेऊन उभी होती, ती हसली.
'आम्हना धाबावर से ना, भाऊ.
मनी सासू लई जाये. तिनी सासू बी लई जाये.'

संध्याकाळी परत टाकीवर चढलो.
खाली धाब्याची घरं, एकाला एक लागून,
मिरच्या वाळत घातलेल्या, एक कुत्रं, तुटकी बाज,
आणि या सगळ्याच्या खाली वीतभर जाड
तट, आडवा होऊन पडलेला,
वैशाखा-वैशाखाने वाहून नेलेला.
सरांना सांगितलं.
ते म्हणाले, नकाशात कसं दाखवणार?

चर बुजवताना तळाशी यंदाचं नाणं टाकतात,
पुढे कोणी खणलं तर कळावं, आधी आम्ही येऊन गेलो.
पाच रुपये टाकले.
लोटनने विचारलं, एवढेच?

माती लोटायला लागलो तेव्हा केवळबाई जवळ आली.
'दोन पाट्या लई जाऊ का? कोपराम्हा गळस.'
उपशाचा घनमीटरमधला हिशोब माझ्याच खिशात होता.
मी ओळंब्याची दोरी गुंडाळत बसलो,
गुंडाळून झाली तरी.

तिने चार नेल्या.